डोंगरावर आपल्यातली एक

१

मुलीनं बंगळुरात बसून आईबापांची सहल ठरवायची आणि आईबापांनी निमूट निघायचं, असा जमाना आहे. रंजनीनं फोनवर यादीच धाडली होती. सकाळी डोंगराच्या पायथ्याचा आठवडी बाजार, दुपारी वरच्या गावात फणस, येताना फुलांचे मळे. खाली लिहिलं होतं, ‘निवांत फिरा. घाई नको. आईला हसवा.’ हे शेवटचं वाचून गिरिधरनं फोन उताणा होता तो पालथा ठेवला. हसवायचं म्हणे! तीन महिने दुसरं काय करत होता तो?

चेन्नईच्या वेलचेरीतून गाडी निघाली तेव्हा साडेपाच वाजले होते आणि हवा तेव्हाच तापायला लागली होती. मे महिना, त्यात अग्निनक्षत्र लागलेलं, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात कडक दिवस. शेजारच्या सीटवर हरिप्रिया बसली होती, डोक्याला सुती ओढणी गुंडाळून. फेब्रुवारीत तिच्या डोक्यात ताप गेला. कवटी उघडावी लागली, केस काढले, अकरा दिवस शुद्ध नव्हती. मग एके दिवशी डोळे उघडले, डॉक्टर म्हणाले, तुमचं नशीब थोर. गिरिधरनं नातेवाइकांना एकेक करून फोन लावले: आली हो, परत आली.

आली खरी. द्याल ते खायची, नेसवाल ते नेसायची, झोप म्हटलं की झोपायची. पूर्वीची हरिप्रिया म्हणजे शाळेत गणित शिकवणारी बाई, घरात नवऱ्याला दिवसातून दहा वेळा फैलावर घेणारी. टॉवेल ओला का टाकलात, भाजीला आंबट कमी का, फोनवर इतक्या मोठ्यानं कशास बोलता. आता कसलीच तक्रार नाही. हाक मारली तर पहिल्या हाकेला वळत नसे, दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसऱ्या हाकेला वळे आणि आपल्यालाच बोलावताहेत होय, असं बघे. ‘वेळ लागेल,’ डॉक्टर म्हणाले.

गिरिधर अंबत्तूरच्या एका कारखान्यात तपासनीस होता. मोटारीचे सुटे भाग यायचे, हा मापात बसवून बघायचा. केसभर फरक असला तरी लाल खडूची खूण आणि माल परत. सव्वीस वर्षं त्याच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. पण घरी आल्यावर ती नजर तो चपलांबरोबर बाहेर काढून ठेवू लागला होता. दमला होता बिचारा. सैपाक, औषधं, धुणी, संपत आलेली रजा, आणि रात्रभर शेजारी तो संथ, एकसारखा श्वास. त्याला फक्त त्याची बायको परत हवी होती. भांडणारी. दुसरं काही मागणं नव्हतं त्याचं.

२

बाजार मात्र झकास होता. चिंचेचे गोळे, डोंगरातला मध, सामईचे म्हणजे वरीचे तांदूळ, कोंबड्या, प्लास्टिकच्या बादल्या, आणि एका बाजूला फुलवाल्या बायका ओळीनं बसलेल्या. मोगरा, झेंडू आणि केशरी कनकांबरम, म्हणजे आपली अबोली. गिरिधर सवयीनं तिथं थांबला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, बाजारातून फुलं न घेता तो घरी गेलेला नव्हता.

‘दोन मुळम द्या,’ तो तमिळमध्ये म्हणाला. बाईनं कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माळ धरली, एकदा, दोनदा, आणि पानात गुंडाळली. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, माळायची कुठं? हरिप्रियाच्या डोक्यावर बोटभर केस होते. तो ओशाळला. मागं वळून घरातल्या भाषेत म्हणाला, ‘राहू दे, देवाला वाहू.’

फुलवालीचे हात थांबले. ‘हे तुम्ही काय बोललात? ही कुठली भाषा?’

‘मराठी. आम्ही तंजावरकडचे.’

‘मग बरोबर. आमच्या वरच्या अक्काची हीच भाषा. एकटी असली की हेच बोलते. आम्हाला वाटायचं, वेडं काहीतरी बडबडते.’

आता हे ऐकल्यावर तंजावरचा मराठी माणूस जागेवर राहील? छे! तमिळनाडूत आपण मूठभर. कुठं कुणी ‘कसं काय’ म्हटलेलं कानावर पडलं तर चालती बस सोडून उतरणारे लोक आम्ही. कोणाच्या घरचे, गोत्र काय, तुमची आत्या आमच्या मावशीच्या जावेची कोण, हे कळल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. गिरिधरचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

‘ऐकलंस का? डोंगरावर आपल्यातली एक बाई आहे!’

‘जाऊ नका,’ हरिप्रिया म्हणाली.

ती पहिल्यांदाच आपणहून ‘नको’ म्हणाली होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा! गिरिधरचा जीव असा हरखला की ती काय म्हणाली याकडे त्याचं लक्षच गेलं नाही. म्हणाली, एवढंच त्याला पुरे झालं. ‘अगं, पाच मिनिटं बसू, ओळख काढू. रंजनीच्या यादीत वरचं गाव आहेच की.’

‘कधीपासून राहते ती अक्का?’ त्यानं फुलवालीला विचारलं.

‘मासी महिन्यात आली. पाट्टीच्या घरी उतरलीय, शेवटचं घर.’ बोलता बोलता तिनं हरिप्रियाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पानाची पुडी तिच्या हातात द्यायची ती गिरिधरच्या हातात दिली. सवाष्णीच्या हातात फुलं न देता पुरुषाच्या हातात देणारी फुलवाली त्यानं जन्मात पाहिली नव्हती. उकाड्यानं त्रासली असेल, असं त्याला वाटलं.

३

घाट चढताना हवा जरा निवली. वळणावळणावर फणस लटकलेले, मध्येच माकडं, खाली सगळी सपाट, तापलेली जमीन. गिरिधर बडबडत होता. मासी म्हणजे फेब्रुवारी-मार्च. कोण असेल? कुंभकोणमकडच्या गुंडोरावांची धाकटी सून घर सोडून गेली असं ऐकलं होतं, ती तर नसेल? हरिप्रिया समोर बघत होती. त्यानं मांडीवर ठेवलेली फुलांची पुडी तिनं उचलून मागच्या सीटवर टाकली होती.

पाट्टीचं, म्हणजे त्या आजीबाईचं, घर मातीचं, शेणानं सारवलेलं, पडवी बुटकी. गाडी थांबली तरी हरिप्रियानं पट्टा सोडला नाही. ‘तुम्ही जा. मी इथंच,’ म्हणाली. गाडीत तापेल म्हणून त्यानं काचा खाली केल्या आणि तो एकटाच पडवीत गेला.

पाट्टी ऐंशीच्या पुढची, पण खणखणीत. तिनं लोट्यात ताक दिलं. मराठी माणूस म्हटल्यावर तिचं तोंड फुललं.

‘आलास बाबा! मला वाटलंच होतं, कोणीतरी येणार. बैस. ती मळ्यात गेलीय, अबोली खुडायला.’

ताकाचा पहिला घोट घेताच गिरिधर थबकला. त्यात आलं, थोडा कढीपत्ता, आणि मिरच्या न ठेचता चिरून घातलेल्या, वरून चिमूटभर मेथीपूड. मेथीपूड ताकात कोण घालतं? हरिप्रिया घालायची. आईकडची रीत म्हणायची, आणि रंजनी नाक मुरडायची. तंजावरच्या बऱ्याच घरांत घालत असतील, त्यानं मनाला सांगितलं. नसतील कशावरून?

‘ही तिची खोली,’ पाट्टी म्हणाली.

दार उघडंच होतं. आत एक चटई, एक पेटी, कोपऱ्यात पिठाचं पातेलं. पातेल्यावर ताट, आणि ताट सरकू नये म्हणून वर खलबत्त्यातला बत्ता आडवा ठेवलेला. गिरिधर त्या बत्त्याकडे बघत राहिला. घरी हरिप्रियाही पातेल्यावर बत्ता असाच आडवा ठेवायची. एक बत्ता. त्यात काय एवढं? मांजर शिवू नये म्हणून कोणीही ठेवेल. खोलीत गार होतं आणि कुठंतरी पाण्याचा थेंब पडत होता, टप, टप. मागच्या दारातल्या दोरीवर एक हिरवा झगा वाळत होता, पाठीमागं नाड्यांचा, धुऊन धुऊन विटलेला. असे झगे इस्पितळात घालतात.

‘त्यातच आली ती,’ पाट्टी म्हणाली. ‘अनवाणी. कुठून आली, कशी आली, देवाला ठाऊक. केस मोकळे, कमरेपर्यंत. मी म्हटलं, बाई गं, कुणी हाकललं का तुला? तर नाही म्हणाली. नवरा म्हणाला, बस इथं, मी फॉर्म भरून आलोच. म्हणून बसलेय.’



४

इस्पितळात ते बाकडं भिंतीकडेला होतं. त्यावर तिला झगा घालून बसवलं होतं आणि आतून कोणीतरी ओरडलं, सही राहिलीय, काउंटरवर जा. तो तिला म्हणाला होता, बस इथं, मी फॉर्म भरून आलोच. काउंटरवर रांग होती. परत आला तेव्हा बाकडं रिकामं होतं, तिला आत नेलं होतं. त्यानंतर अकरा दिवस ती बोलली नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, रंजनीलासुद्धा नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

आणि म्हणूनच, तो स्वतःला समजावू लागला, हे कुणाचंही असू शकतं. देशातल्या प्रत्येक इस्पितळात प्रत्येक नवरा फॉर्म भरायला पळतो आणि प्रत्येक बायको बाकड्यावर बसते. कोणी अर्धवट बरी झालेली बाई वाट चुकून इथं आली. मराठी आहे, एवढाच योगायोग. डोकं शाबूत ठेव, गिरिधर. उन्हाचा त्रास होतोय तुला.

‘नाव काय तिचं?’ त्यानं विचारलं. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला.

‘सांगत नाही. विचारलं की म्हणते, हाक मारणारा येईल, तेव्हा कळेल तुम्हाला. हाक मारली की मी निघाले.’ पाट्टी हसली. ‘रोज शिव्या घालते हो त्या नवऱ्याला! पण जेवताना एक घास बाजूला काढते. तू तोच ना?’

पाट्टीची नजर त्याच्या खांद्यावरून गाडीकडे गेली.

‘गाडीत कोण आहे?’

‘बायको माझी.’

पाट्टी कपाळावर हात धरून बघत राहिली. गाडीच्या खिडकीत ओढणी गुंडाळलेलं डोकं दिसत होतं, सरळ, हलत नव्हतं. अंगणातल्या कोंबड्या गाडीपासून लांब, कुंपणाला चिकटून उभ्या होत्या. पाट्टीचं हसू मावळलं. तिनं त्याच्या हातातला लोटा काढून घेतला, हळूच, दुखणाईताच्या हातातून घ्यावा तसा.

‘मळा खाली दुसऱ्या वळणावर आहे,’ ती म्हणाली. ‘जायचं तर एकटा जा, बाबा. तिला मळ्याची पायरी उतरू देऊ नकोस.’ आणि तिनं आत जाऊन भर दुपारी दाराला कडी घातली.

५

दुसऱ्या वळणावर त्यानं गाडी लावली. एकटाच उतरला.

मळा उतारावर होता, पायऱ्यापायऱ्यांचा. एवढी अबोली त्यानं कधी पाहिली नव्हती. केशरी रंग खाली दरीपर्यंत गेला होता. अबोलीला वास नसतो, त्यामुळं तो सगळा रंग नुसताच समोर उभा होता. तीन वाजले असतील. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. फुलं खुडायची वेळ सकाळची; या वेळी मळ्यात कोण असणार? परत फिरावं, असं त्याच्या मनात आलं. रंजनीला एक फोटो पाठवावा आणि घरी जावं.

मग त्याला आवाज आला.

‘काय माणूस हा! एक कागद भरायला इतका वेळ? रांगेत सगळ्यांना पुढं सोडलं असेल, दुसरं काय. तुम्ही व्हा पुढं, तुम्ही व्हा पुढं. स्वतःला भूक लागली तरी सांगायचं नाही. आणि मी आपली बसलेय इथं...’

गिरिधरच्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. भीती नंतर वाटली. आधी नुसतं पाणी आलं, कारण तीन महिने हा आवाज ऐकायला त्याचे कान तरसले होते. तो दोन बांध उतरला. ती दहा पावलांवर होती, पाठमोरी, वाकलेली. कमरेपर्यंत वेणी. कुणाचंतरी जुनं निळं लुगडं. डाव्या हाताच्या ओंजळीत फुलं, उजव्या हाताची बोटं चटचट चालत होती. मान किंचित डावीकडे कललेली, वही तपासताना कलायची तशी.

सव्वीस वर्षं मापं घेतलेल्या त्या नजरेला यात केसभरही फरक सापडेना.

हाक मारायची होती फक्त. हरिप्रिया. चार अक्षरं. त्यानं तोंड उघडलं. आणि त्याला दिसलं, पुढं काय होईल ते. ही वळेल. हिला घेऊन तो वर गाडीपाशी जाईल. गाडीत ती बसलेली असेल. मग? डॉक्टरांनी तपासून, सही घेऊन, औषधांची चिठ्ठी हातात देऊन जिला घरी पाठवलं, जिला त्यानं तीन महिने न्हाऊ घातलं, भरवलं, जिच्या शेजारी झोपला, ती कोण मग? आणि ही वळली आणि हिला चेहराच वेगळा असला तर? किंवा वेगळा नसला तर?

वरून गाडीचा भोंगा वाजला. एकदाच, लांबलचक. थांबेचना.

पाठमोऱ्या बाईची बोटं थांबली. ती सरळ झाली. ओंजळ तशीच छातीशी धरून ती वळायला लागली, सावकाश, आणि गिरिधरला तिच्या गालाची कड दिसली, कानशिलावर चिकटलेले घामेजलेले केस दिसले आणि नाकातली खड्याची चमकी उन्हात लखकन चमकली. ती चमकी इस्पितळात काढून घेतली होती आणि परत मिळाली नव्हती.

‘आलात का?’ ती म्हणाली.

गिरिधरनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच तो उलटा फिरला आणि बांधाला ठेचाळत, हातांनी माती धरत वर चढू लागला. मागून ती बोलत होती. आधी आश्चर्यानं, मग जरा रागानं, मग तिचा आवाज लहान झाला. ‘अहो, इकडं. अहो, मी इकडं आहे. दिसले नाही का तुम्हाला?’

६

तो गाडीत बसला तेव्हा भोंगा थांबलेला होता. हरिप्रियाचा हात तिच्या मांडीवर होता. तिनं आपल्या बाजूची काच वर केली, मग वाकून त्याच्या बाजूचीही केली. बाहेरचा आवाज बंद झाला.

घाट कसा उतरला ते त्याला आठवत नाही. पायथ्याशी बाजार उठला होता. दोऱ्या सोडलेल्या, कोबीची पानं तुडवलेली, फुलवाल्यांच्या जागी ओली जमीन. तिथं त्यानं गाडी कडेला घेतली आणि कपाळ स्टिअरिंगला टेकवून तो रडला. मोठ्यानं रडला, लहान मुलासारखा. ती बसून होती. थोड्या वेळानं तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात गार होता, पण थोपटणं नीट होतं, ताल धरून. हे तिला कुणी शिकवलं, असा विचार त्याच्या मनात आला.

त्यानं तोंड वर केलं. तीन महिने जे विचारायचं टाळलं होतं ते, आता दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून, त्यानं विचारलं.

‘तू कोण आहेस?’

ती विचार करत राहिली. कुठल्याही प्रश्नावर अलीकडे करायची, तसाच. मग वळून तिनं त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात वाईट काही नव्हतं. थोडी कीवच होती.

‘तुम्ही घरी आणलीत, ती,’ ती म्हणाली.

गिरिधरनं खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. डोंगराकडे पाठ होती, आरशात तो दिसला असता, म्हणून त्यानं आरसा वर फिरवला. चेन्नईला पोचायला चार तास लागणार होते. वाटेत कुठंतरी थांबून दोघांनी कॉफी घ्यावी लागेल, नाहीतर झोप येईल, असं त्याला वाटलं. त्यानं गाडी सुरू केली.